ओटीजी माळ्यावर आणि खजुराच्या वड्या भट्टीवर: परभणीतल्या एका बिनबोर्डाच्या बेकरीचा अनुभव

आधीच सांगते, बेकरीचं नाव लिहिणार होते पण नावाचा बोर्डच नाहीये तिथं. पत्र्याचं शटर, बाहेर पावाच्या रिकाम्या लाद्या रचलेल्या, आत गेलं की डाव्या हाताला विटांची भट्टी, आणि दुपारी त्या गल्लीत शिरलं की नाकच वाट दाखवतं. परभणीत जुन्या वस्तीत अशा दोन-चार तरी असतील. घरचं सामान न्यायचं, ते भाजून देतात, किलोवर भाजणावळ घेतात. दिवाळीच्या आणि ईदच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप घेऊन नानकटाई पाडून आणायची पद्धत आपल्याकडं जुनीच, गिरणीत दळणाचा डबा ठेवून येतो तसंच. मी मात्र नानकटाई नाही नेली, मी नेल्या खजूर-अक्रोडच्या चिवट वड्या, आणि तेही दोनदा, कारण पहिल्यांदा वाट लागली. कुणाला असं काही वेगळं भट्टीवर भाजून घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

तर या वड्या. सासूबाई होम सायन्स शिकलेल्या, त्यांच्या कॉलेजच्या वहीत जांभळ्या शाईत एक पान आहे, वर लिहिलंय "डेट अँड नट बार्स (जुनी पद्धत)". या मूळच्या अमेरिकेतल्या घरगुती वड्या, तिकडं शंभरेक वर्षांपासून बायका करत आल्यात. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे यात लोणी-तूप काहीच नाही. अंडी, साखर, थोडासा मैदा, चिमूटभर बेकिंग पावडर, मीठ, आणि बाकी सगळा खजूर नि अक्रोड. मैदा म्हणजे नुसता गिलावा, विटा खजुराच्या. त्यामुळं केकसारख्या भुसभुशीत होत नाहीत, बिस्किटासारख्या कुरकुरीत पण नाही, वर पातळ कागदासारखा पापुद्रा येतो आणि आत चिवट, दाताला ओढ लागते पण दाढ हलत नाही अशा. चिवट म्हणलं की आपल्याला शिळी पोळी आठवते पण हा चिवटपणा वेगळा, डिंकाच्या लाडवाचा चुलतभाऊ म्हणा.

वहीतलं प्रमाण नऊ इंची चौकोनी डब्याचं आहे: ३ अंडी, २०० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, २०० ग्रॅम बिया काढलेला खजूर, १२० ग्रॅम अक्रोड. तापमान ३२५ लिहिलंय आणि पुढं काहीच नाही. ते फॅरेनहाइट आहे हो, म्हणजे आपले १६३ सेल्सिअस. माझ्या जावेनं एकदा ३२५ वाचून ओव्हनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, ती गोष्ट आमच्याकडं अजून निघते.

आता ओटीजीबद्दल, म्हणजे घरच्या विजेच्या छोट्या ओव्हनबद्दल, कारण भट्टीकडं जायची वेळ त्याच्यामुळंच आली. तीस लिटरचा आहे, कंपनीचं नाव घेत नाही, डबा चांगला आहे, केक होतो, पनीर टिक्का होतो. पण या वड्यांना लागते एकसारखी मंद आच, आणि आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की फ्रिजसुद्धा कण्हतो. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर १५०० वॉट देतो, व्होल्टेज १९० वर आलं की तोच ओव्हन हजार-सव्वाहजार नाही, जेमतेम हजारच देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं पडते. म्हणजे व्होल्टेज सतरा टक्के कमी, आच मात्र तिसरा हिस्सा गायब. मग होतं काय, की तापायलाच अर्धा तास, दार उघडून डबा आत टाकला की पुन्हा थंड, आणि कॉइल सारखी लालभडक पेटलेली राहते, म्हणजे वड्यांना वरून कॉइलचा चटका आणि मधला भाग कच्चा. कोपऱ्यातल्या चार वड्या करपलेल्या, मधल्या चार पातळ शिऱ्यासारख्या, आणि त्या दोघींच्या मधल्या आठ एकदम फक्कड. सोळातल्या आठ. आणि पाहुणे आले की एका वेळी एकच डबा, तीन डबे करायचे तर सगळी संध्याकाळ स्वैपाकघरात, ते पण फेब्रुवारीपर्यंत ठीक, एप्रिलमध्ये परभणीत ओव्हन लावणाऱ्या बाईला नमस्कारच करावा लागेल.

सासूबाईच म्हणल्या, "कामून गं, इतके महागाचे अक्रोड जाळायलीस? बेकरीत टाकून ये की." तिथून हे प्रकरण सुरू झालं.

खजुराबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण निम्मं यश तिथंच आहे. यंदा फेब्रुवारीत परभणीत खजूरच खजूर होता. २ तारखेपासून दर्ग्याचा उरूस, १५ ला महाशिवरात्र, आणि तीन-चार दिवसांत लगेच रमजान, म्हणजे एकाच गाड्यावरून उपासाचा खजूर आणि रोजा सोडायचा खजूर, दोन्ही. गाडेवाल्याला काय, तो एकाला "शिवरात्रीचा घ्या" म्हणतो, दुसऱ्याला "इफ्तारीचा लेलो". मी चार प्रकार आणून करून पाहिले, लेकरांनी खाल्ले म्हणून वाया काही गेलं नाही.

एक, तो काळा मऊ इराणचा डबीतला, किमिया म्हणून मिळतो. खायला लई भारी, पण वडीत घालू नका. त्यात पाणी जास्त, सुरीला चिकटतो, तुकडे राहतच नाहीत, पिठात विरघळून सगळं चॉकलेटी लापशी होते आणि भाजायला वेळ लागतो, मग कडा वाळतात. दोन, कागदात बांधून देतात तो दाबलेला ढेकूळवाला, स्वस्तातला. चवीला बरा पण त्यात काड्या, देठं, कधीकधी बारीक खडे, एकेक सोडवून पाहायचा धीर असेल तरच. तीन, मेडजूल, मोठमोठा, एकेक बी सुपारीएवढी. एवढा महाग खजूर चिरून मैद्यात घालायला हात धजत नाही, मी दोनच घातले आणि फरक कळला नाही. (त्या खजुराची गंमत अशी की अमेरिकेत मेडजूलची जी काही झाडं आहेत त्यातली बहुतेक १९२७ साली मोरोक्कोहून नेलेल्या अकरा फुटव्यांपैकी जी नऊ जगली त्यांचीच पिलावळ. आपल्याकडं शिंदीची झाडं नाल्याकाठी फुकट उभी, तीही खजुराच्याच खानदानातली, पण त्यांचं आपण काय करतो, तर पानांच्या केरसुण्या आणि बाकीचं तुम्हाला माहितीये.)

चौथा प्रकार झाहेदी. पिवळसर-तांबूस, अर्धवट सुका, हाताला न चिकटणारा, स्वस्त. हाच घ्या. चिरला की तुकडा तुकडाच राहतो, भाजल्यावर आत मऊ होतो पण जागा सोडत नाही. खारीक मात्र अजिबात नको, खारकेचा मान डिंकाच्या लाडवात आणि शीरखुर्म्यात, त्या खुर्म्याचा अर्थच मुळी फारसीत खजूर असा आहे. वडीत ती लाकडाच्या ढलपीसारखी लागते. मी साडेसातशे ग्रॅम झाहेदी घेतला ३२० च्या भावानं, बिया काढून सहाशेच्या वर भरला. चिरायला सुरीपेक्षा कात्री बरी, मैद्यात बुडवत बुडवत कापायचा. आणि प्रत्येक खजूर उघडून बघायचाच, आत कधी काय निघेल सांगता येत नाही, हे मी प्रेमानं सांगतेय.

अक्रोड चाखून घ्या. दुकानदार एक तोंडात टाकायला देतोच, जिभेच्या मागं कडवट, जुन्या तेलासारखी चव आली तर पुढच्या दुकानात जा. उन्हाळ्यापासून गोणीत पडलेला अक्रोड आपल्याकडच्या उष्णतेत खवट होतोच, घरी आणल्यावर सरळ फ्रीजरमध्ये ठेवा.

आता पहिली फेरी. उरूस चालू होता तेव्हाची गोष्ट, सकाळी अकराला गेले. बेकरीवाले चाचा साठीच्या पुढचे, हातात कायम एक फडकं. मी डबा उघडून दाखवला, त्यांनी वास घेतला, विचारलं "अंडा है क्या इसमें?" म्हणलं हाव. तर त्यांनी कोपऱ्यातला वेगळा पत्रा काढला, म्हणे अंड्याच्या मालाचा पत्रा वेगळा ठेवतो, खूप जणांच्या घरची बिस्किटं बिनअंड्याची असतात. ही गोष्ट मला लई आवडली, न सांगता करतात. आमच्या शेजारच्या माळकरी काकू त्यांच्याकडंच नानकटाई पाडून आणतात, त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मग घोळ झाला. मी तिप्पट प्रमाण नेलं होतं, म्हणजे ९ अंडी, ६०० ग्रॅम साखर, ३७५ मैदा, बाकी त्या हिशोबानं, सगळं मिळून अडीच किलोच्या आत. कमीत कमी दोन किलो तरी पाहिजे म्हणतात ते, म्हणून. कारागीर पोरानं ते सगळं एकाच मोठ्या पत्र्यावर ओतलं आणि हातानं पसरलं. पत्रा दोन फूट बाय दीड फूट. घरी नऊ इंची डब्यात जो थर दीड सेंटीमीटरचा असतो तो इथं सेंटीमीटरभर पण नव्हता. मी बघत होते आणि गप्प बसले, हा माझाच मूर्खपणा, पण भट्टीसमोर उभं राहून त्या लोकांना शिकवायची हिंमत होत नाही हो. आणि त्या वेळी भट्टीतून नुकताच पाव निघालेला, म्हणजे आच चांगली खरपूस. दहा-बारा मिनिटांत वास आला, तो आधी कॅरमेलचा आणि मग लगेच शिमग्याचा. बाहेर काढलं तर खजुराचे जे जे तुकडे वर आलेले ते काळे कोळसे, खालची बाजू पत्र्याला चिकटलेली, आणि गार झाल्यावर चिक्की. चिक्की म्हणजे कौतुक झालं, अडकित्ता लागला असता.

मी घरी येऊन विचार केला तर गोष्ट सरळ आहे. खजुरातली साखर म्हणजे बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच कॅरमेल व्हायला लागतं, आपली दाणेदार साखर १६० पर्यंत तग धरते. म्हणून नानकटाई ज्या आचेवर नुसती सोनेरी होते तिथं उघडा पडलेला खजूर काळा पडतो. पण त्याच साखरेचा दुसरा गुण असा की ती हवेतलं पाणी धरून ठेवते, म्हणून या वड्या मऊ राहतात. म्हणजे जे चिवटपणा देतं तेच करपवतं, आच आणि थराची जाडी एवढंच सांभाळायचं. हे चाचांना विज्ञानात सांगायची गरज पडली नाही, ते पत्रा बघूनच म्हणले, "बाई, जला नै, पतला फैलाए. और टैम गलत लाए." भाजणावळ घेतली नाही. मी द्यायला लागले तर हात जोडले. चूक निम्मी त्यांच्या पोराची पण होती असं माझं मत, तेही त्यांना कळलं असावं.

टैम गलत म्हणजे काय ते मग त्यांनी सांगितलं आणि इथं मला भट्टी कळली. आपला ओव्हन बटणावर चालतो, भट्टी वेळेवर चालते. आत लाकडं पेटवून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला ओढायचे, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. आता आच नाही, नुसती विटांची ऊब, आणि ती सारखी उतरत जाणार. पहिला मान पावाचा, कारण त्याला जोरदार आच पाहिजे. मग खारी. मग नानकटाई आणि बिस्किटं. सगळ्यात शेवटी टोस्ट, ते तर भाजायचे नसतातच, नुसते वाळवायचे असतात, रात्रभर आत पडून राहतात. एकदा पेटवली की दिवसभराचं वेळापत्रक त्या विटांनी ठरवलेलं. माझ्या वड्यांची जागा नानकटाईच्या नंतर आणि टोस्टच्या आधी. अर्धा-पाऊण तासाची खिडकी, बस. मी पावाच्या पाठीला पाठ लावून गेले होते, मग काय होणार.

दुसरी फेरी रमजानच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवसांत सगळं वेळापत्रक उलटं असतं, भट्टी दुपारी पेटते, चारपर्यंत पाव दुकानांत गेला पाहिजे कारण इफ्तारीला सगळ्यांना पाहिजे असतो. चाचांनी साडेचारला बोलावलं. या वेळी मी माझे तीन नऊ इंची चौकोनी डबे नेले, बटर पेपर लावलेले, आणि पीठ घरूनच त्यात ओतून, वर ताटल्या झाकून, रिक्षात मांडीवर घेऊन गेले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, काय नेऊलालात, पूजेचं आहे का?" म्हणलं तसंच समजा, जरा सावकाश चालव.

चाचांनी रद्दी कागदाचा तुकडा आत टाकला. कागद पेटला नाही, हळूहळू तांबूस झाला, कडेनं वळला. त्यांनी मान हलवली. मी माझा ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर नेला होता, भीत भीत विचारलं ठेवू का, तर म्हणले ठेवा. पाच मिनिटांनी लांब दांड्याच्या फावड्यावर तो बाहेर आला, १७० दाखवत होता. चाचांनी चष्मा वर करून आकडा बघितला आणि पोराला म्हणले, "देख, कागज भी येच बोला." मग एक रिकामा पत्रा पालथा घालून त्यावर डबे ठेवले, म्हणजे खालच्या फरशीची आच थेट लागू नये. ही युक्ती त्यांची, मी सांगितलेली नाही.

खजूर वर येऊ नये म्हणून मी पण एक केलं होतं, एकूण पिठातलं वाटीभर साधं पीठ खजूर-अक्रोड घालायच्या आधी बाजूला काढून ठेवलं आणि शेवटी वरून तेवढंच पसरलं. वरून पांघरूण. याचा लई फायदा झाला, एक पण तुकडा काळा नाही.

बावीस मिनिटांनी पोरगा काढायला लागला, चाचांनी थांबवलं. रोजा असल्यानं कुणीच चाखून बघणार नव्हतं, एरवी म्हणे ते एक कोपरा तोडून खातात आणि ठरवतात. तर ते तोंड भट्टीच्या दाराशी नेऊन नुसते वास घेत होते. उपाशी माणसाचं नाक, ते पण बारा-तेरा तासांचं उपाशी आणि तहानलेलं, आणि समोर खजूर. आपल्याकडं शिवरात्रीला साबुदाण्याचा वास आला तरी जीव जातो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं की आपण कुठली वेळ गाठली, पण ते अगदी शांत, अजून थांब म्हणले, अजून थांब. सव्वीस मिनिटांना काढले. कडा डब्यापासून सुटलेल्या, वर तडकलेला पापुद्रा, काडी घातली तर किंचित ओलसर चुरा लागला. एवढाच पाहिजे. काडी कोरडी निघेपर्यंत ठेवलं तर गार झाल्यावर त्या टणक होतात, कारण डब्यात पण त्या शिजत राहतात. केकची सवय असलेल्यांची इथंच चूक होते.

कापायच्या कोमट असतानाच. गार झाल्या की पापुद्रा फुटतो आणि वडी वेडीवाकडी तुटते. दहा मिनिटं थांबून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं, एक इंच बाय तीन इंच, डब्याला सत्तावीस, तीन डब्यांच्या ८१. वहीत लिहिलंय की कोमट असताना पिठीसाखरेत घोळवा. मी घोळवल्या तर साखर विरघळून चिकट लेप झाला. सासूबाई म्हणल्या तसंच असतं, पहिला हात चिकटायला आणि दुसरा हात गार झाल्यावर दिसायला. म्हणजे दोनदा. वहीत का नाही लिहिलं विचारलं तर म्हणे परीक्षेत एकदाच घोळवायचं होतं.

आणि त्या दिवशी खाऊ नका. खरंच. ताज्या वड्या ठीकठाक लागतात, वर कुरकुरीत आत ओलसर. रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात राहिल्या की खजुराचा ओलावा सगळीकडं पसरतो, पापुद्रा मऊ पडतो आणि ती चिवट ओढ येते. तिसऱ्या दिवशी सगळ्यात भारी. आमच्याकडं चौथा दिवस उगवला नाही म्हणून त्यापुढचं सांगत नाही.

चाचांना आणि पोराला मी नऊ वड्या तिथंच कागदात बांधून दिल्या, इफ्तारीला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चक्कर मारली. पोरगा खूश, म्हणे चार खाल्ल्या. चाचांचं मत, "अच्छा है, पर शक्कर जास्ती. खजूर में है ना उसकी शक्कर, फिर कायकू?" बरोबरच बोलले हो. पुढच्या वेळी साखर २०० ची १५० केली घरी, एका डब्यापुरती, चव सुधारली, पापुद्रा मात्र थोडा कमी आला, कारण तो अंडं आणि साखर फेटून येतो. सोळा आणे काहीच मिळत नाही. साखरेऐवजी गूळ पण घालून पाहिला, तो सगळा मामला काळसर, ओलाकिच्च आणि छान खमंग होतो, पण मग ती वेगळी वडी, ही नाही. आणि अक्रोडाच्या जागी भाजलेले शेंगदाणे घातले तर खरं सांगते, लेकरांना तेच जास्त आवडले. अक्रोडाच्या पैशात मी काय काय घेतलं असतं याचा विचार करत बसले.

पैशाचं: अक्रोड ३६० ग्रॅमचे ४७० रुपये गेले, खजूर २४०, अंडी ६५, साखर-मैदा-पिठीसाखर मिळून पन्नासेक, आणि भाजणावळ किलोला ५० प्रमाणे १२०. साडेनऊशेच्या आत ८१ वड्या, बारा रुपयाला एक. मोठ्या शहरातल्या बेकरीत असली एक वडी काय भावाला मिळते ते तुम्हीच बघा. भाजणावळीचे १२० मला अजिबात जड वाटले नाहीत, ओव्हनला तीन डबे म्हणजे दोन-अडीच तास वीज आणि माझी संध्याकाळ.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर खोटं वाटेल. बसायला जागा नाही, भट्टीच्या तोंडासमोर एक स्टूल आहे त्यावर बसलं तर आपणच भाजून निघतो, आणि गल्लीत उभं राहावं तर येणारा-जाणारा बघत जातो. धूर लागतो, ओढणी दोनदा धुवावी लागली. वेळ सांगितली साडेचारची तरी माझा नंबर लागला पाच दहाला, कारण मधे कुणाचे तरी लग्नाचे खारे शंकरपाळे घुसले. फोन उचलत नाहीत, फोनवर नंबर लावता येत नाही, आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून यावं लागतं. त्यांच्या पत्र्यांना ओव्याचा वास मुरलेला असतो, खारीमुळं, म्हणून गोड माल त्यांच्या पत्र्यावर थेट टाकू नका, डबे आपले न्या. बांधून देतात ते छापील पेपरात, शाई लागते, म्हणून घरचा स्टीलचा डबा सोबत पाहिजेच. आणि बेकिंग पावडर त्यांच्याकडची वापरू नका, उघड्या बरणीत असते, घरचीच न्या.

रमजानचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीच्या आधीचे दहा दिवस तर जाऊच नका, ईदच्या आणि दिवाळीच्या ऑर्डरीत तुमचे तीन डबे कुठल्या कोपऱ्यात जातील त्यांचं त्यांना पण कळणार नाही. साधा दिवस असेल तर सकाळी अकरा नाही, साडेबारा. पाव निघाला का विचारायचं, नानकटाई निघाली का विचारायचं, दोन्ही निघालं म्हणले की मगच घरून निघायचं. फोन उचलत नाहीत तर विचारायचं कसं, असं म्हणाल. बेकरीच्या समोर टेलरिंगचं दुकान आहे, त्या ताईंना मी चार वड्या देऊन ठेवल्यात, त्या खिडकीतून बघून मला सांगतात.